काढलेला चिमटा

शालनच्या तेराव्याला मुलानं तिचा फोटो भिंतीवर लावला. मोबाईलवरचा फोटो, गेल्या थंडीत ती गच्चीवर ऊन खात बसली होती तेव्हाचा. मागे दोरीवर कपडे वाळत होते, माझी बनियन, तिचा परकर, फरशी पुसायचं एक फडकं. भिंतीवर लागला त्यात दोरी नव्हती, कपडे नव्हते, आमची गच्चीच नव्हती. तिच्या मागे नुसतं निळं. मी विचारलं, हे काय केलंस? मुलगा म्हणाला, "पापा, पीछे कचरा आ रहा था, हटा दिया. एक सेकंड का काम है." त्याला मराठी समजतं, उत्तर मात्र हिंदीत देतो. मी म्हणालो, माझी बनियन कचरा काय? सून स्वयंपाकघरातनं हसली. मला हसू आलं नाही. ती बनियन शालननं धुतली होती, तिनं पिळली होती, तिनं झटकून दोरीवर घातली होती. ती काढायला ह्याला कुणी सांगितलं? घरात पाहुणे असताना म्हाताऱ्यानं असल्या गोष्टीवरनं भांडू नये, हे मला कळतं. तरी मी भांडलो आणि जेवलो नाही.

फोटोतनं नको ते काढून टाकायचं हे खूळ आजचं नाही. आमचं लग्न पहिल्यांदा ह्याच खुळापायी ठरता ठरता मोडलं होतं. तेव्हा मोबाईल नव्हते. लखनौच्या हजरतगंजातल्या एका फोटो स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला होता आणि लोक लग्नाच्या फोटोतला विजेचा खांब, कुत्रं, नको असलेला पाहुणा काढून घ्यायला तिथं जात होते. माझ्या फोटोतनं काय काढलं ते ह्या प्रकरणात सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली. बोलतो तसंच लिहितो, तेव्हा वाचणाऱ्यानं शुद्धलेखन बघू नये.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. गलाई म्हणजे सोनारांकडचं मिसळीचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या भागातली पोरं ह्या कामापायी देशभर पांगली, कुणी मदुरेला, कुणी कलकत्त्याला. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, तो लखनौला आला आणि वडील गेल्यावर मलाही घेऊन आला. चौकातल्या सराफ्याच्या मागे एक गल्ली, इतकी अरुंद की समोरनं सायकल आली तर एकानं दारात शिरावं. खाली भट्टी, वर दोन खोल्या. वर मी, दादा आणि वैनी. सकाळी जाग यायची ती शेजारच्या वर्कवाल्यांच्या ठोक्यांनी. मिठाईवर लावायचा चांदीचा वर्क ते चामड्याच्या पुडक्यात घालून कुटायचे, ठक् ठक् ठक्, दिवसभर एका लयीत. गावाकडनं नवीन कोण आलं की त्याचं डोकं उठायचं. आम्हाला तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. थंडीत गल्लीच्या तोंडाशी मक्खन मलाईवाला बसायचा, नुसता पिवळा फेस, तोंडात घातला की काही नाही. वैनी म्हणायची, "ह्ये खाण्यापरीस नुसता आ करून बसावं." तिला भाकरी लागायची. लखनौत ज्वारीचं पीठ मिळत नव्हतं, मग गावाकडनं येणाऱ्याच्या डोक्यावर ज्वारीचं बोचकं असायचंच. ती कांदा-लसणाचा मसाला भाजायला लागली की अख्खी गल्ली खोकायची आणि समोरची आपा खिडकीतनं ओरडायची, "ऐ भाभी, आज किसको मारने का इरादा है?" वैनी तिला वाटीभर मसाला पाठवायची. मग आपा गप्प.

मसाल्याचा खोकला खिडकी उघडली की जायचा. खालचा खोकला तसा नव्हता. मिसळीचं सोनं तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायला ठेवलं की तांबूस पिवळा धूर निघायचा. वर जायला पत्र्याचं नळकांडं होतं, पण निम्मा धूर जिन्यानं वर आमच्याकडेच यायचा. आम्ही त्याला काही म्हणत नव्हतो. भट्टी म्हटली की धूर आलाच. दादा सकाळी उठला की बराच वेळ मोरीत वाकून खोकायचा आणि आम्ही म्हणायचो, तंबाखूचा खोकला. मला काम आवडायचं, हे लपवत नाही. भट्टीतनं मूस काढायची, म्हणजे सोनं वितळायचं ते मातीचं भांडं, आणि लांब दांड्याच्या चिमट्यात ते धरून लाल रस साच्यात ओतायचा. हात हलला तर सोनं सांडलं. माझा हात हलत नव्हता. दादा माझं काम चारचौघांत कौतुकानं सांगायचा, हे त्याचं त्यालाही पुढं आठवलं नाही.

माझी तिशी उलटली होती आणि लग्न ठरत नव्हतं. त्या दसऱ्याला आम्ही नेहमीसारखी भट्टीची पूजा केली, हत्यारांना हळदकुंकू लावलं, चिमट्याला झेंडूचं फूल बांधलं. वर्कवाल्यांचा एक पाहुणा कॅमेरा घेऊन आला होता. मी चिमटा छातीशी उभा धरून उभा राहिलो. वैनी म्हणाली, "हळद लागली चिमट्याला. भटजी बोलवा, ह्याचं लगीन चिमट्याशीच लावून टाकू." मला हसू फुटलं आणि त्यानं तेवढ्यात बटण दाबलं. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढा एकच फोटो हसरा आलाय. अंगात कामाचा पांढरा सदरा, छातीवर तेजाबाच्या शिंतोड्यांनी पडलेली बारीक भोकं, मागे भट्टीची काळी भिंत. मला तो फोटो फार आवडायचा. मी तो आरशाच्या कडेला खोचून ठेवला होता.

थंडीत एक स्थळ आलं. गोमती नगरात आमच्याकडचेच एक मामा राहायचे, बँकेत क्लार्क, दादाची त्यांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतली. त्यांची भाची शालन आपल्या वडिलांबरोबर लखनौला आली होती. फोटो मागितला. नेमकं त्याच सुमारास भट्टीचा जाळ उसळून माझी डावी भुवई जळाली होती. एका भुवईचा नवरदेव दाखवायचा कसा? म्हणून दादानं आरशाला खोचलेला तो फोटो घेतला, आणि मला वाटलं तो तसाच द्यायला नेतोय. चार दिवसांनी म्हणाला, "हजरतगंजात जा, पाकीट तयार असंल, घेऊन ये."

स्टुडिओ वरच्या मजल्यावर होता. चपला बाहेर काढायच्या, आत गारेगार, कारण कॉम्प्युटरला गरम चालत नाही म्हणे. तो चालवणारे अनवरभाई होते, पातळ दाढी, फार अदबीनं बोलायचे. त्यांनी पाकीट दिलं. मी उघडलं. फोटोत मीच होतो, तसाच हसत होतो. पण भट्टी नव्हती, मागे राखाडी पडदा आला होता. चिमटा नव्हता. हात तसाच छातीशी वर, मूठ तशीच आवळलेली, आणि मुठीत काही नाही. आणि सदऱ्यावर, जिथं माझी भोकं होती तिथं, गळ्यापासून पोटापर्यंत पांढरी चिकनची, म्हणजे लखनवी भरतकामाची, फुलं आणि बारीक जाळी. नबाबाच्या लग्नाला निघालेला माणूस.

"मेरा चिमटा कहाँ गया?" मी विचारलं.

"वो तो आपके भाई साहब ने निकलवा दिया."

"और ये फूल किसके हैं?"

"आपके हैं जनाब. ये भी उन्हीं का हुक्म था." ते खूश होऊन सांगायला लागले. "सीढ़ी तक जाके मुड़े, बोले, और सीने पे छेद हैं, वो भी काढ़ देना. हमने कहा, वाह, शौक़ीन आदमी हैं. तो छेद की जगह जाली काढ़ी, किनारे पे बूटी. एक दूल्हे के कुर्ते से उठा-उठा के रखी है. आँखें दुख गईं."

काय झालं ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आपण मराठीत डाग काढतो, काटा काढतो, म्हणजे घालवतो. दादाला भोकं घालवायची होती. पण लखनौत काढ़ना म्हणजे कापडावर भरतकाम करणं, घराघरांत बाया चिकन काढत बसलेल्या असतात. त्यांनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं. चुकला तो दादा, इतकी वर्षं लखनौत राहून. पण फुलांचं मला तेवढं वाटलं नाही. मला चिमटा पाहिजे होता. मी विचारलं, पुसला कसा? तेव्हा त्यांनी मला पडद्यावर करून दाखवलं. बाजूचा राखाडी तुकडा उचलायचा आणि चिमट्यावर ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. म्हणाले, "मिटता कुछ नहीं है, बगल वाली चीज़ से ढक देते हैं." मी म्हणालो, मग मूठ का नाही झाकली? ते म्हणाले, "उँगलियाँ हटाता तो हाथ लूला लगता. भाई साहब बोले, रहने दो, लोग रुमाल समझ लेंगे."

"वापस लगा दो," मी म्हणालो.

"जिनका ऑर्डर है वो कह दें, हम अभी लगा देते हैं," अनवरभाई म्हणाले आणि पाकीट पुन्हा माझ्या हातात दिलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मूळ फोटो दादानं आधीच परत नेला होता. तो पुढं मला कधी दिसला नाही. किती वेळा विचारलं. असंल कुठंतरी, म्हणायचा. आज तो असता तर मी तोच भिंतीवर लावला असता, शालनच्या शेजारी.

त्या दिवशी भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि ठेचा होता. मी पाकीट ताटाशेजारी ठेवलं. वैनीनं उघडलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. "अगं बाई, ह्यो कोण म्हणायचा? आवो, भैया भैया करत इतकी वर्सं काढली ह्या गावात, आणि अजून काढ म्हंजी काय ती कळंना व्हय तुमाला?" दादाही हसला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. वाईट काय दिसतंय? श्रीमंत दिसतोय."

मी विचारलं, "चिमटा का काढला?"

तेव्हा दादानं सांगितलं. शालनचा थोरला भाऊ जालिंदर गलाईवालाच होता, दक्षिणेत कुठंतरी. तेजाबाच्या धुरानं त्याची छाती गेली. त्याच्याच औषधपाण्यासाठी त्याला लखनौच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं आणि सगळे मामाकडे उतरले होते. शालनच्या वडिलांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, सांगून ठेवलं होतं की पोरगी विहिरीत ढकलीन पण गलाईवाल्याला देणार नाही. म्हणून दादानं मामांना सांगितलं होतं, सराफ्यात दुकान आहे. कशाचं ते सांगितलं नव्हतं.

"आणि त्यांना कळंल तेव्हा?"

"लगीन झाल्यावर कळू दे. लगीन झालेली पोरगी कोण परत नेतंय?"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून लिहितो. दादा वाईट माणूस नव्हता. मला वाढवलं त्यानं. पण चांगल्या माणसाच्या तोंडातनं असं वाक्य भाकरीच्या घासाबरोबर निघतं, ह्याचा मला आजही राग येतो. मी म्हणालो, हा फोटो जाणार नाही. तो म्हणाला, गेला. मी आणलं ते दुसरं पाकीट होतं. पहिलं त्यानं आदल्या दिवशीच मामांच्या हातात ठेवलं होतं. "तुझ्यासाठीच मरतोय मी," दादा म्हणाला आणि मला आणखी भाकरी वाढ म्हणून वैनीला सांगितलं. मी ताटावरनं उठलो. माझं काम ह्याला लाजिरवाणं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि गंमत अशी की ते काम मला ह्यानंच शिकवलं होतं.

तरी मी मुलगी बघायला गेलो. का गेलो म्हणाल तर वैनी रडली. आणि मला लग्न करायचं होतं, ते कशाला लपवू? तिशीतल्या माणसाला घरात दुसऱ्याची बायको दुसऱ्याला वाढताना रोज बघावं लागतं. पण जाताना टेम्पोत मी दादाला सांगितलं, मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. दादा म्हणाला, "तुला कोण विचारणार? मी बोलतो."

गोमती नगर तेव्हा नवं होतं, रुंद रस्ते, कडेला झाडांची काठीएवढी रोपं, आमच्या गल्लीतनं आलेल्याला उघडं पडल्यासारखं वाटायचं. मामांच्या घरी मामींनी हिरवे मटार घातलेले पोहे केले होते. आबा पांढरी टोपी आणि गळ्यात मफलर घालून बसले होते, पायांवर शाल. आतल्या खोलीतनं खोकला येत होता. तो खोकला मी ओळखला. सुरू होतो आणि मध्येच अडकतो, जसं कुणी दार धरून ठेवलंय. रोज सकाळी मोरीत ऐकत होतो तोच, फक्त पुढच्या टप्प्यावरचा. मी दादाकडं बघितलं. दादा पोहे खात होता.

"लखनौत काय करता?" आबांनी विचारलं.

"सराफ्यात हाय आपलं," दादा म्हणाला.

"आणि ह्ये चिकनचं?" आबांनी टीव्हीवर ठेवलेल्या फोटोकडं बोट केलं.

दादा थांबला नाही. "त्यो जोडधंदा. ह्योच बघतो." मामा कौतुकानं म्हणाले, "चिकनला परदेशातनं मागणी आहे आता." एका वाक्यात मी चिकनचा व्यापारी झालो होतो. मला सुईत दोरा ओवता येत नाही.

शालन चहा घेऊन आली. हिरवं पातळ, केसांना भरपूर तेल. दादानं तिला नाव विचारलं, शाळा विचारली, ती सातवी म्हणाली. भाकरी येते का विचारलं, तर ती म्हणाली, "पीठ मिळालं तर येती," आणि मामी हसल्या. मामा बँकेतले, सुधारलेले. म्हणाले, "शालन, आता काळ बदललाय. तुलाही काही विचारायचं असेल तर विचार." ते आपले म्हणायचं म्हणून म्हणाले होते. ती उठली, टीव्हीवरचा फोटो घेतला आणि आमच्या पुढ्यात आणून धरला.

"ह्यांच्या मुठीत काय हाय?"

"रुमाल हाय," दादा म्हणाला.

"दिसत न्हाई."

"पांढऱ्यावर पांढरा, कसा दिसंल?"

"रुमाल आसा कोण धरतंय?" ती म्हणाली. "अंगठा वर दाबलेला, मधलं बोट लांब खाली. आमचा जालिंदरदादा आसा धरायचा." मग ती माझ्याकडं वळली. मी तोपर्यंत तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं. "तुमीच सांगा. काय होतं?"

आतला खोकला थांबला होता. दादानं माझ्या पायावर पाय ठेवला. मी म्हणालो, "चिमटा होता. मी गलाईवाला हाय. ती फुलं माझी न्हाईत, तिथं तेजाबाची भोकं होती."

आबा उठून उभे राहिले. दादाला म्हणाले, "एक पोरगं घातलं त्या धुरात. आता पोरगी घालू व्हय?" दादा म्हणाला, आबा, ऐकून तर घ्या. "ऐकलं की. ह्याचं ऐकलं. तुमचं ऐकायला लागलो तर पोरगी चिकनच्या दुकानात गेली म्हणून गावात पेढं वाटीन. उठा." मामी बिचाऱ्या चहा घ्या, चहा घ्या करत राहिल्या. मामांचं तोंड उतरलं. शालन फोटो हातात घेऊन तशीच उभी होती.

जिन्यात दादा माझ्यावर तुटून पडला. "तोंडाला कुलूप घालता येत न्हवतं? जन्मभर ऱ्हा आता चिमट्याबरोबर." मी म्हणालो, चिमटा तूच काढलास. तो फाटकाबाहेर टेम्पो बघायला गेला आणि मी चपला घालत बसलो. तेवढ्यात वरनं कुणीतरी कठडा धरून उतरायला लागलं. जालिंदर होता. माझ्यापेक्षा लहान, पण दिसायला दादापेक्षा थोर. प्रत्येक वळणावर उभा राहायचा, श्वास गोळा करायचा. मी वर जायला लागलो तर हातानं थांब म्हणाला.

"भट्टी कुठं?"

"खाली. वर घर."

"नळकांडं?"

"हाय. पण निम्मा धूर वरच येतो."

"माझ्याकडंबी यायचा," तो म्हणाला. मग थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "शालन म्हणती, खरं बोललास, बरं केलंस. पण चिमटा धरणाऱ्याला ती हो म्हणणार न्हाई. खाली ठेवलास तर मामाकडं निरोप धाड."

"आणि आबा?"

"आबांचं ती बघती." तो हसला, मग त्या हसण्याचाच खोकला झाला आणि मी त्याला धरून पायरीवर बसवलं.

मला आधी तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. एकानं न विचारता माझ्या हातातला चिमटा काढला, आणि दुसरी म्हणते तू स्वतः खाली ठेव. माझा चिमटा म्हणजे काय भिंतीवरचा डाग आहे, ज्यानं त्यानं यावं आणि काढ म्हणावं? पुष्कळ दिवस मी भट्टीवर तसाच काम करत राहिलो आणि दादाशी बोललो नाही. पण जालिंदरचा तो अडकलेला खोकला डोक्यातनं जाईना. सकाळी दादा मोरीत वाकला की मला जिन्यातला जालिंदर दिसायचा. मी दादाला म्हणालो, चल, दवाखान्यात जाऊन छाती दाखवू. तो म्हणाला, तंबाखू कमी करतो. मी पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, "ती पोरगी डोक्यात बसलीय तुझ्या." बसली होती, पण ते वेगळं. एका सकाळी मी चिमटा भट्टीच्या कडेला ठेवला, हात धुतले आणि सांगितलं, मी जातो. दादानं वर बघितलं नाही. म्हणाला, "बायल्या लेकाचा. अजून बायको आली न्हाई, त्याआधी धंदा सोडला." वैनी जिन्यात उभी होती. तिनं मसाल्याची बरणी वर्तमानपत्रात बांधून माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "येत जा."

गोमती नगरातच एका पिठाच्या चक्कीवर मी कामाला लागलो. नवी वस्ती, दळण पुष्कळ. चक्कीचा मालक मला मराठा म्हणायचा आणि त्यानं मागेच झोपायला जागा दिली होती. मी मामांकडं निरोप धाडला. निरोपाला उत्तर नाही. दिवस गेले, थंडी सरली, उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची लू वाहायला लागली. मी पिठानं पांढरा होऊन संध्याकाळी नळाखाली बसायचो आणि दादाला, शालनला, आबांना, अनवरभाईंना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो. सगळ्यांनी मिळून माझ्या हातातलं घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही असं वाटायचं. पुढं शालन त्या दिवसांबद्दल म्हणायची, "धुरातनं काढला आणि पिठात घातला, मला कुणी शहाणी म्हणंल का?"

एका दुपारी आबा चक्कीवर आले. हातात गव्हाचा डबा. ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. मी डबा तोलला, दळण घातलं, पट्टा सुरू केला. ते बाकावर बसून राहिले. दळून झाल्यावर मी डबा पुढं केला तर त्यांनी डबा घेतला नाही, माझा उजवा हात घेतला. दाराशी, उजेडात नेला. चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक बोट जवळ धरून बघायला लागले. तेजाबानं हात पिवळे होतात. कातडीचं पिवळं चार आठ दिवसांत सोलून जातं, पण नखात उतरलेलं घासून जात नाही. ते नख वाढून पुढं सरकावं लागतं, मुळातनं नवीन पांढरं यावं लागतं, मग ते कापून टाकायचं. माझी नखं मुळाकडनं निम्मी पांढरी झाली होती, पुढचं निम्मं अजून पिवळं होतं.

"निम्मं झालंय," आबा म्हणाले. "सगळं झालं की घरी ये." मग डब्याचं झाकण उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं. "बारीक दळलंस." आणि गेले.

जालिंदरला ती नखं पुरी झालेली बघायला मिळाली नाहीत. तो त्याच उन्हाळ्यात गेला. दादा आमच्या लग्नाला आला, अक्षता टाकल्या, जेवताना माझ्याशी बोललाही, पण फोटोचं कधी चुकलं म्हणाला नाही, आणि भट्टीही सोडली नाही. त्याची छातीही त्याच वाटेनं गेली. वैनी आता गावाकडे असते.

लग्नानंतर मी एकदा शालनला म्हणालो, तुझ्या बापाचं डोकं मोठं, नखं बघायचं बरोबर सुचलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "आबांना कसलं सुचतंय? ते म्हणत होते, चिमटा खाली ठेवला का न्हाई, एक नवा फोटो मागवून बघू. मी म्हटलं, फोटो नको, नखं बघून या."